मागच्या पडवीतली एकसष्ट जेवणं

एकोणीसशे तेहतीस सालच्या मार्च महिन्यातला शेवटचा शनिवार. रक्कम दरमहा सोळा रुपये, म्हणजे एका माणसाचा पगार. हजर चौघे: आमचे गोरे इंजिनियर साहेब, बंगल्याच्या कमिटीवरचे चौलचे बागाईतदार नाना, मी, आणि दारात चौकटीला पाठ न टेकता उभा असलेला खानसामा. त्या दिवशी काय झालं ते सांगणारच आहे. पण आधी तो माणूस तुमच्या ओळखीचा व्हायला हवा, नाहीतर सोळा रुपयांचा आकडा तेवढा लक्षात राहील.

"आधी बघा, मग बसा." हे त्याचं नेहमीचं वाक्य. डाव्या हातात मासा आडवा धरायचा, उजव्या अंगठ्यानं कल्ला उचलायचा आणि आतला लाल रंग आपल्याला दिसेपर्यंत हलायचं नाही. आपण मान डोलावली की मग कल्ला मिटायचा. मासा ताजा आहे यावर माझा विश्वास आहे, असं मी पुष्कळदा सांगून पाहिलं. तो म्हणायचा, "इस्वास माझ्यावर नका ठेवू भाऊसाहेब. माशावर ठेवा."

रेवदंड्याच्या खाडीकाठी आमच्या खात्याचा मुक्कामाचा बंगला होता. असे बंगले तुम्हीही पाहिले असतील. पुढे व्हरांडा, लांब हातांच्या वेताच्या खुर्च्या, मधे दोन खोल्या, मागे पडवी आणि पडवीच्या टोकाला स्वयंपाकघर. मी अलिबागच्या कचेरीत कारकून. रस्त्याची खडी आणि खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या धक्क्याचं काम मोजायला महिना दीड महिन्यानं तिकडे जावं लागे. कधी साहेबांबरोबर, कधी एकट्यानं. आम्हा कारकुनांचा मुक्काम मागच्या पडवीत.

खानसामा तिथलाच, कोकणी मुसलमान. वाडवडिलांची गलबतं होती म्हणे, ती गेली. त्याच्याकडे उरला होता पांढरा कोट. कोटाला सहा पितळी बटणं असायची जागा होती, बटणं चार होती. खालची दोन घरं रिकामी ठेवून तो वरची चार लावी, आणि साहेब आला की पोटापाशी हात बांधून उभा राही. आम्हाला ते अदबीचं वाटे. बटणं मोजल्यावर मला उलगडा झाला. बंगल्यामागच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको राहत.

माझं तिथलं पहिलं जेवण नाइलाजानं झालं. गावातली आमची नेहमीची खानावळ सुतकामुळे बंद. सकाळी पोहे खाल्ले होते, त्यावर दिवसभर धक्क्यावर उन्हात साखळी धरून मोजणी. संध्याकाळी पडवीत बसलो होतो तर खानसामा समोर येऊन उभा राहिला.

"भाऊसाहेब, जिताडा हाय. खाडीतला, सकाळचा."

आमच्या घरी मासे चालतात. पण कुणाच्या हातचे, ते पाहिलं जातं. माझी नजर स्वयंपाकघराच्या दारातून आत, चुलीवरच्या तव्याकडे गेली. त्यानं ती पाहिली.

"ह्याच्यावर साहेबाचं मांस भाजतो मी. ह्याच्यावर तुमचं करनार न्हाय," तो म्हणाला. "बायकोकडं मातीची कोरी खापरी हाय. पानी तुमचं तुम्ही काढा. मग तर झालं?"

विहिरीवरून पाणी मी काढलं. खापरीवर तांदळाचं पीठ लावून भाजलेल्या जिताड्याच्या चार तुकड्या आणि दोन भाकऱ्या मी खाल्ल्या. तिसरी भाकरी त्यानं न विचारता वाढली. जिताड्याची चव मी वर्णन करणार नाही. इतकंच सांगतो की तुकड्या किती होत्या ते मी मोजलं, आणि भाकरी मोजायचं विसरलो असतो तरी मला वाईट वाटलं नसतं. माझ्या बाबतीत हे मोठं आहे.

जेवण झाल्यावर त्यानं बंगल्याची वही आणली. छापील रकाने: तारीख, नाव, हुद्दा, जेवण. त्याला लिहिता येत नव्हतं. जेवणाऱ्यानं आपलं आपण लिहायचं. नियम साधा होता. सरकारी कामावर आलेला कुणीही तिथे जेवला तर त्याची नोंद व्हावी. तो साहेबच असावा असं कुठेही म्हटलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "चाचा, नाव नको."

"का? वही त्याच्यासाठीच हाय."

"ही वही अलिबागला जाते. चार जण वाचतात. घरी कळलं तर..."

त्यानं वही मिटली, काखेत घातली. "न्हाय तर न्हाय. माझ्या डोस्क्यात ऱ्हाईल."

पुढच्या खेपेला गेलो तर पडवीतल्या खुंटीला नवा लोखंडी तवा टांगलेला. स्वतःच्या पैशानं बाजारातून आणलेला. दांड्याला तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली. "तारेचा तो तुमचा, बिनतारेचा साहेबाचा. आंधळ्यालाबी हातानं कळंल," तो म्हणाला आणि वर, "आधी बघा, मग बसा." त्या दिवसापासून कल्ल्यानंतर तवाही बघावा लागे. मी आणि कचेरीतले आणखी दोघे, असे तिघे त्या तव्यावरचं जेवलो. तिघांनीही नाव नको म्हणूनच सांगितलं. तिघांची घरं एकाच आळीत होती.

तो मासळीचे पैसे घेई, तीन आणे, कधी साडेतीन. वर देऊ केले तर म्हणे, "हाताचे न्हाय. हाताचे सरकार देतं मला."

साहेबांचं जेवण हा त्याला शेवटपर्यंत न सुटलेला प्रश्न होता. मुंबईहून बोटीनं बर्फाच्या पेटीतून मांसाचा जाड तुकडा यायचा. साहेबांना तो आतून लाल हवा. खानसाम्याला ते पटत नसे. "मी मांस शिजवत न्हाय भाऊसाहेब, मांसाला तवा दाखवतो. दाखवला की झालं, खातो साहेब." एकदा त्यानं कीव येऊन तुकडा नीट शिजवला. साहेबांनी सुरीनं तो टोचून पाहिला आणि हे कुठल्या बुटाचं आहे म्हणून विचारलं. त्या रात्री तो बायकोशीही बोलला नाही.

आणखी एकदा साहेब पुढच्या व्हरांड्यात त्या तुकड्याशी झगडत होते आणि मागे आमच्या तव्यावर सुरमई चरचरत होती. साहेबांनी सुरी खाली ठेवली. त्यांचं मराठी परीक्षेपुरतं. "खानसामा, हा वास कसला?"

खानसाम्यानं पोटापाशी हात बांधले. "कोळीवाड्याचा वारा, साहेब."

"फार चांगला वारा आहे," साहेब म्हणाले आणि पुन्हा सुरी उचलली.

तेव्हापासून आमच्यात जेवणाला तोच शब्द पडला. मी तरीवरून उतरलो की तो लांबून हाक मारी, "भाऊसाहेब, आज वारा हलव्याचा हाय!" नाहीतर हात हलवून, "आज न्हाय वारा! बोंबीलच हाय!" बोंबील तो मासळीत धरत नसे.

मग मोटार आली. अलिबागहून सकाळी निघायचं, काम बघायचं, दिवेलागणीला घरी. साहेबांचे मुक्काम संपले. बर्फाची पेटी येईनाशी झाली. वहीची पानं कोरी राहू लागली. आम्हा कारकुनांना मोटार मिळत नव्हती, त्यामुळे आमचं जाणं-जेवणं चालूच होतं. पण ते कुठे लिहिलेलं होतं?

वरून हुकूम आला. ज्या बंगल्यात वर्षाला पंचवीस तरी जेवणं होत नाहीत, तिथलं स्वयंपाकघर बंद करावं, खानसाम्याची जागा कमी करावी. आणि तो शनिवार उजाडला.

साहेबांनी वही उघडली. वर्षभरात नोंदी पाच. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पुढची पानं चाळली, मागची चाळली, कुठे काही सापडतं का पाहिलं. मी मनात बेरीज करत होतो. त्या वर्षी माझी जेवणं अकरा. बाकी दोघांची सोळा. सत्तावीस आणि पाच, बत्तीस. पंचविसावर सात. बेरीज बरोबर होती. माझी बेरीज सहसा चुकत नाही.

साहेबांनी पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लोक तर इथेच मुक्काम करता. तुम्ही जेवता कुठे?"

त्यांना काय हवं होतं ते मला समजत होतं. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं असतं.

नाना माझ्या उजव्या हाताला बसले होते. माझ्या थोरल्या मुलीचं स्थळ त्यांनीच आणलं होतं, मुलाकडचे त्यांचे नात्यातले. अक्षय्य तृतीयेला लग्न ठरलं होतं. नाना अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ते थांबले आणि त्यांनी मान वर केली.

"डबा आणतो, साहेब," मी म्हणालो.

"दोन-दोन दिवसांचा डबा?"

दारातून उत्तर आलं.

"व्हय साहेब. भाऊसाहेब डबाच आणतात. सुकं आणतात, टिकंल असं. पानीसुदीक आपलं आपन काढतात. मी कवा हात लावला न्हाय."

बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. नानांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "सोवळ्याचे आहेत आमचे व्याही." साहेबांनी वही मिटली आणि हुकुमावर सही केली.

बाहेर आल्यावर मी विहिरीपाशी त्याला गाठलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "चाचा, मी अजून साहेबांकडे जाऊ शकतो."

"आनि काय सांगाल? मघाशी खोटं बोललो म्हनून? मग माझंबी खोटं निघंल." तो हसला. "पोरीचं लगीन हाय ना? होऊ द्या."

"पण तुमचं काय?"

"मेहुना हाय माझा मुंबईला, गोदीत. बघू."

एप्रिलअखेर खोली रिकामी करायची होती. मधल्या काळात लग्न झालं. मुलगी चांगल्या घरी पडली, नानांनी हौसेनं पंगती वाढल्या. त्या पंगतींत मी पानावरून अर्धपोटी उठलो. बायकोला वाटलं, मुलगी जाणार म्हणून.

खोली सोडण्याच्या आदल्या दिवशी मी रजा टाकून रेवदंड्याला गेलो. हिशेब करून नेला होता. नऊ वर्षांत एकसष्ट जेवणं. मासळीचे पैसे दिलेले, हाताचे राहिले. जेवणामागे दोन आणे धरले तर सात रुपये दहा आणे. त्यानं रुमालातले पैसे पाहिले, मोजले नाहीत.

"मासळीचे दिलेत तुम्ही. हाताचे सरकारनं दिले. आता हे कशाचे?"

कशाचे ते मला ठाऊक होतं, म्हणूनच सांगता आलं नाही. रुमाल मी परत खिशात घातला. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची बायको बोटीनं गेली. मागाहून गोदीत ओळखीच्यांकडे दोनदा चौकशी केली. अशा नावाचा माणूस तिथे कुणाला माहीत नव्हता.

पावसाळ्याआधी बंद झालेल्या स्वयंपाकघराच्या सामानाची लिलावासाठी यादी करायचं काम माझ्याकडेच आलं. चिनी मातीच्या बशा नऊ, सुऱ्या सात, काटे सहा, लोखंडी तवे दोन. मोजणीला बरोबर आलेला शिपाई म्हणाला, "तवा एकच असायचा भाऊसाहेब, जुन्या यादीत एकच हाय. हा तारेचा कुणाचा?"

खानसाम्यानं तो नेला नव्हता. खुंटीवर तसाच ठेवून गेला होता, घासून, तेलाचं बोट फिरवून.

कुणाचा ते मला सांगता येत होतं. पण सांगितलं असतं तर दुसऱ्या तव्याची गरज कशाला पडली, हेही सांगावं लागलं असतं. मी यादीत लिहिलं: तवे दोन, सरकारी. त्या यादीतली तेवढीच नोंद खोटी आहे.

लिलाव पुढच्या व्हरांड्यात झाला. बशा एका वाण्यानं घेतल्या, जेवणाच्या मेजाच्या खुर्च्या नानांनी. तारेचा तवा पुकारला तेव्हा मी बोली लावली. लोक हसले, कारकुनाला तवा कशाला म्हणून कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, "घरी हवा आहे." तो घरी नेणं शक्य नव्हतं. आज तो कचेरीतल्या माझ्या कपाटात, मोजणीच्या साखळीखाली आहे. पावसाळ्यात गंज चढतो, तेव्हा तेलाचं बोट फिरवतो. अंधारातही हात घातला की तार लागते.

तव्याची किंमत नऊ आणे. मी दिले, सरकारजमा झाले, पावती मीच लिहिली.