मधल्या घराची तुळई

साखरखेर्ड्यात कुणाचं घर जळलं की आग विझवायला सगळं गाव धावायचं, आणि आग विझल्यावर फकीर मोहम्मद मिस्त्रींना बोलावणं जायचं. जळक्या घरातलं कोणतं लाकूड ठेवायचं आणि कोणतं काढायचं, हे तेच सांगत. वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, पाठीनं तुळई ठोकायची, कान लावायचा, पुन्हा ठोकायची. वरून कोळसा झालेलं सागवान तासून आतलं पिवळं, धडधाकट लाकूड ते दाखवत, तेव्हा घरधन्याच्या तोंडावर रंग परत येई. त्यांचा शब्द कुणी पडताळून पाहत नसे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी शाळेत नवा मास्तर होतो आणि तानूबाईंच्या घरी मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. तानूबाईंचे यजमान अर्जुनराव वारले होते; पुढच्या खोलीत अंबाडीचे दोर आणि तरटं विकून बाई दोन मुलींना वाढवत होत्या. घर धाब्याचं, म्हणजे तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ते बांधलं होतं मिस्त्रींनीच. दर वर्षी मृगाच्या आधी ते न बोलावता येत, धाब्यावर चढत, माती सारखी करत आणि गुळाचा चहा पिऊन जात. तरी मधलं घर, म्हणजे मधली खोली, नेमानं गळायचं. माझं ताट तिथंच मांडलेलं असे, शेजारी थेंबाखाली पातेलं. तानूबाई म्हणत, "फकीरभाऊ, साऱ्या गावाचे धाबे तुम्ही बुजवता, माह्याच घरात काऊन नदी येते?" मिस्त्री नुसते हसत.

मला तिथं तीन वर्षं झाली होती, तेव्हा चैत्रातल्या एका दुपारी दुकान पेटलं. सुकी अंबाडी, घागरी येईपर्यंत पुढची खोली मातीसकट खाली बसली होती. माणसं वाचली. तानूबाई रस्त्यात उभ्या होत्या, हातात दोराचं एक वेटोळं. ते त्यांनी संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख निवाली आणि मिस्त्री आले. तानूबाईंचे दीर, कारभारी त्यांचं नाव, घाईत होते. पावसाआधी घर उभं राहायला हवं होतं.

"काऊन मिस्त्री, लाकडाची नाडी पाहून राह्यले का?"

"हाव. तुमची बी पाहतो, जरा थांबा."

दोन तुळया त्यांनी टाकाऊ ठरवल्या, तीन ठेवल्या. मग ते मधल्या घरात आले. तिथल्या तुळईला नुसता धूर लागला होता. मधोमध तेवढा एक काळा, चिकट ओघळ उतरला होता. मिस्त्रींनी शिडीवरून एकदा ठोकलं. पुन्हा ठोकलं नाही. ते खाली उतरले, पाणी मागितलं, आणि तांब्या हातात तसाच धरून म्हणाले, "सगळे बाहेर व्हा. आधी टेकू द्या."

टेकू लागल्यावर त्यांनी त्या ओघळापाशी पटाशी टेकवली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. भुरा भुसा त्यांच्या दाढीवर सांडला.

"अरे बापा!" कारभारी ओरडले. "आगीनं आतून खाल्ली का?"

मिस्त्रींनी तेवढी एक मान हलवली असती, तरी पुरलं असतं. कुणालाच कळलं नसतं.

"आग परवा आली," मिस्त्री म्हणाले. "हे बारा सालं जुनं हाय. माह्या हातचं."



"घरभरणीचा मुहूर्त चार दिवसांवर होता, वैनी. लाकूड गाठीपाशी पोकळ निघालं. दुसरं येईपर्यंत मुहूर्त गेला असता. मी भुसा आन् लाख भरली, वरून तेल फिरवलं. अर्जुनभाऊले बी नाही सांगतलं. आता आगीनं लाख वितळली."

तानूबाई मातीच्या त्या छताकडे पाहत होत्या.

"म्हणून गळे?"

"वझं कमी राहावं म्हणून दर साली तिथली माती काढत होतो."

 तीन वर्षं मी त्या तुळईखाली जेवलो होतो.

"माह्या दोन्ही पोरी हिच्याखाली जन्मल्या," तानूबाई म्हणाल्या. आवाज अगदी हलका होता. "बारा वर्षं चहा पीत होते तुम्ही इथं. तोंड नव्हतं तुमाले?"

"पहिल्या साली भेव वाटलं. मंग रोज उद्या म्हनत गेलो."

कारभारी त्यांच्या अंगावर धावले. मी आणि शेजाऱ्यांनी त्यांना धरलं. मिस्त्री जागचे हलले नाहीत. मग हत्यारं गोळा करून ते निघून गेले. ते आता येत नाहीत, असंच आम्ही धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी दाराशी लागली. गाडीत सागाची जुनी तुळई. मिस्त्रींच्या स्वतःच्या ओसरीची होती ती. त्यांची बायको नूरबी गाडीमागून चालत आली होती. कुणी विचारण्याआधीच ती म्हणाली, "आमच्या ओसरीले काय, वरती आभाळ बी चालते."

तानूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मग पुढं झाल्या आणि त्यांनी मिस्त्रींच्या हातातला वाकस मागून घेतला.

"कसं ठोकतात, दाखवा."

"पाठीनं, वैनी. अन् कान लावा. भरीव बोलते, पोकळ कण्हते."

गाडीतल्या तुळईवर त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीत वीत सरकत गेल्या. प्रत्येक ठोक्याला कान लावत होत्या. मिस्त्री मान खाली घालून बाजूला उभे होते, पाटी तपासायला दिलेल्या पोरासारखे. एका गाठीपाशी तानूबाई थांबल्या. तिथं त्यांनी चारदा ठोकलं.

मग वाकस परत दिला.

"बसवा," त्या म्हणाल्या. "अन् माती पुरी टाकजा."