डावं इंजिन, उजवं इंजिन

आमचा सिम्युलेटर, म्हणजे सरावाचं नकली विमान, लोअर परळच्या एका जुन्या मिलच्या आवारात होता. खाली पिझ्झा, वर विमान. मी तिथे शिकायला जाते म्हटलं की हमखास कोणीतरी गहिवरून विचारायचं, आजोबा याच मिलमध्ये होते का? नव्हते. पोस्टात होते. लालबागला राहणाऱ्या प्रत्येकाचा आजोबा मिलमध्येच असला पाहिजे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही.

एका इंजिनाच्या विमानाचे तास मी भरून आले होते. राहिलं होतं दोन इंजिनांचं विमान आणि बाहेर न बघता नुसत्या काट्यांच्या भरवशावर उडणं. हे दोन्ही झाल्याशिवाय कुठलीही एअरलाइन तुम्हाला दारात उभं करत नाही. आणि आमच्या सरांचा नियम असा, की आधी सिम्युलेटरवर त्यांना पटलं पाहिजे, मगच खऱ्या विमानाची तारीख. नाही पटलं तर तारीख दुसऱ्याला, आणि तुम्ही बसा पुढचा सीझन येईपर्यंत माश्या मारत.

सर म्हणजे निवृत्त कॅप्टन. खोलीतही गॉगल. प्रत्येक मुलीला बेटा म्हणायचे आणि प्रत्येक मुलाला कॅप्टन. आमच्या बॅचमधली पोरं एवढ्यावरच खूश होती. त्यातल्या अर्ध्यांना बापाने विमान चालवायला पाठवलं होतं, कारण धंद्यात ठेवायची भीती वाटत होती.

आमच्या मजल्यावरचे काका तर थोरच. दोन इंजिनं आहेत ना, मग एक गेलं तर गेलं, एवढं काय शिकायचं त्यात, असं त्यांनी मला गॅलरीत दात घासताना ऐकवलं. काकांना कोण सांगणार की एक इंजिन बंद पडलं की उरलेलं विमानाला सरळ नेत नाही, फिरवतं. डावं बंद पडलं तर नाक डावीकडे वळतं. ते सरळ ठेवायला उजवा पाय पेडलवर दाबायचा. जो पाय रिकामा राहिला, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. मग खात्री करायची आणि तेच बंद करायचं. चुकून चांगलं इंजिन बंद केलंत तर संपलं. सगळं काही सेकंदांत, आणि तेही बाहेर काही दिसत नसताना.

याची प्रॅक्टिस मी घरी करायची. खुर्चीत बसायचं, पायाखाली दोन उश्या, इंजिनांचे दांडे म्हणून डाव्या हातात लाटणं आणि उजव्यात उलथनं, डोळ्यांवर भावाची टोपी. आई समोर कोलंबी सोलत बसायची आणि मध्येच म्हणायची, डावं गेलं. मी उजवी उशी दाबून लाटणं मागे ओढायची. मग उजवं गेलं. डावी उशी, उलथनं. महिनाभरात मी इतकी पटाईत झाले की आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत पाय दाबलेला असायचा. मला वाटलं, वा, काय रिफ्लेक्स आहेत माझे.

सरांच्या चाचणीच्या दिवशी त्यांनी डावं मारलं. मी ओळखलं. त्यांनी पुन्हा दोन्ही चालू केली, जरा उडू दिलं आणि परत डावंच मारलं. माझा पाय आपोआप डाव्या पेडलवर गेला आणि हाताने उजवं, चांगलं चालणारं इंजिन बंद केलं. समोरच्या पडद्यावर एक हिरवं शेत वर आलं आणि स्क्रीन लाल झाली.

सरांनी गॉगल काढला. म्हणाले, "बेटा, तू विमानाचं ऐकतच नाहीयेस. दुसऱ्याच कोणाचं तरी ऐकतेस." पुढच्या आठवड्यात शेवटची संधी, नाहीतर तारीख दुसऱ्याला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. त्याच्या बापाची मला खरंच कीव आली.

माणूस डोक्यात जाणारा होता, पण बरोबर होता. मिलच्या गेटपर्यंत येताना माझ्या लक्षात आलं. आई नेहमी एकदा डावं, एकदा उजवं म्हणायची. कधीच सलग दोनदा एक बाजू नाही. ती तशीच आहे. सुरमईची तुकडी मला आणि भावाला निम्मी निम्मी. मला धपाटा बसला की धाकट्याला उगाचच एक. मी विमान शिकतच नव्हते, आईची वाटणी पाठ करत होते.

घरी येऊन मी तोंड सोडलं. हे काय कोलंबीचं कालवण आहे का वाढायला? इंजिन काय नंबर लावून मरतं? आईने हात धुतले आणि म्हणाली, बस परत. तिने डावं म्हटलं, पुन्हा डावं म्हटलं, आणि तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर उजवं. परत प्रयत्न. परत तेच. माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, साधं एका बाजूने बोलता येत नाही तुला?

आई म्हणाली, "तसा मी एकदाच केलंय गो, तुझ्यासाठी. परत माझ्यान होवचा नाय."

भाऊ दारात बूट घालत होता. माझ्या फीचा पहिला हप्ता भरला त्या वर्षी त्याचं इंजिनिअरिंग राहिलं आणि तो मॉलमध्ये लागला. घरात याबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं. आई आत्ता पहिल्यांदा बोलली. त्याने बूट काढले, तिच्या जागी बसला आणि म्हणाला, "डावं." मी दाबलं. "डावं." दाबलं. "डावं." तो थांबेना. मग दोनदा उजवं, मग परत डावं, काही धरबंधच नाही. आई स्वयंपाकघरात निघून गेली. आठवडाभर तो शिफ्टच्या आधी असाच बसला.

दुसऱ्या चाचणीत सरांनी सलग तीनदा उजवं मारलं. मी तीनदा ओळखलं. त्यांनी तारीख दिली. त्यांच्या तोंडून कौतुक निघालं नाही, आणि मला ते नकोही होतं.

भावाला फोन केला. मागे मॉलचं संगीत वाजत होतं. कुठलं मारलं, त्याने विचारलं. तीनदा उजवं, मी म्हटलं.

"म्हणजे तीनदा डावा पाय," तो लगेच म्हणाला. "आणि ताई, बंद करायच्या आधी खात्री केलीस ना?"

आमच्या बॅचमधल्या निम्म्यांना हे अजून विचार करून सांगावं लागतं. मी हो म्हटलं. गिऱ्हाईक आलं म्हणून त्याने फोन ठेवला, आणि मी त्या पिझ्झावाल्याच्या दारात उभी राहून रडले, सगळ्यांच्या देखत. रडणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे.