आबांच्या नावाची मूठ

कादंबरीचं शेवटचं वाक्य टाइप झालं तेव्हा मेहरूणच्या आमच्या घरात भर दुपार होती. बायको नोकरीवर गेलेली, मुलगा क्लासला. मी खुर्चीतून उठलो, माठातलं पाणी प्यालो आणि परत येऊन बसलो. आनंद होईल असं वाटलं होतं. झालाही, पण जेमतेम. मग मनात आलं, उद्या सकाळी या खुर्चीत बसून करायचं काय?

कादंबरीत एक म्हातारा होता. केळीच्या बागेत राखण करणारा, एकटा, तोंडाचा अतिशय फटकळ. त्याला सगळे आबा म्हणायचे. शेवटी तो गाव सोडतो आणि बसमध्ये चढतो, तिथे कादंबरी संपते. इतकी वर्षं मी त्याच्यासोबत राहिलो की बायको म्हणायची, हल्ली तुम्ही पण त्याच्यासारखेच खेकसता.

प्रकाशकाचे फोन येत होते. मी फाईल पाठवत नव्हतो. एक स्वल्पविराम काढायचा, संध्याकाळी तोच परत घालायचा, असले उद्योग चालले होते. खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती. हा माणूस फक्त माझ्याच डोक्यात जिवंत असेल तर? छापला की नुसती शाई उरेल, आणि मग तो माझ्यासाठीही मरेल.

त्याची सगळी गोष्ट ऐकलेलं दुसरं माणूस एकच होतं, धुळ्याची माझी वहिनी. प्रत्येक प्रकरण झालं की मी तिला फोनवर वाचून दाखवायचो. ती स्वयंपाक करता करता ऐकायची आणि मध्येच दटावायची, "त्याले आधी जेवाले घाल भाऊ, मंग रडाव." पण वहिनीचं काय, ती माझं कौतुक करणारच. दिराचं मन मोडायचं नाही म्हणूनही ऐकत असेल, असं मला वाटायचं.

श्रावणात कानबाई देवीच्या सणासाठी मी धुळ्याला भावाकडे गेलो. आमच्याकडे देवीच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने काढतात. प्रत्येकाची सव्वा मूठ. हे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला त्यातला कणही द्यायचा नाही. शनिवारी वहिनी सूप घेऊन बसली. भाऊ, पुतण्या, मी, माझा मुलगा, असं पुटपुटत तिने गहू काढले. आणि न थांबता आणखी सव्वा मूठ सुपात टाकली.

भाऊ पेपर वाचत होता. त्याने मान वर केली. "हाई मूठ कोना नावनी?"

"आबानी," वहिनी सहज म्हणाली.

"आपला घरमा कोन आबा शे?"

वहिनीचा हात तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. तिला हसू आलं होतं, आणि लाजही वाटत होती. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ज्या माणसाला मी एका खुर्चीत बसून रचलं, त्याचा वाटा देवीच्या सुपात पडला होता. कोणी मला कसलाही पुरस्कार दिला असता तरी मी इतका थरारलो नसतो.

भावाने ते गहू परत काढायला सांगितले. वहिनी म्हणाली, "देवीना गहू परत पोतामा नहीं टाकतस." तो विषय तिथेच संपला. आबांचे गहू आमच्या गव्हांबरोबर दळले गेले.

सोमवारी बायकांनी कानबाई डोक्यावर घेऊन विसर्जनाला पांझरा नदीवर नेली, वाजतगाजत आणि डोळे पुसत. परत आल्यावर आम्ही जेवायला बसलो. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. आबांच्या वाट्याचा रोट वहिनीने मोडून सगळ्यांच्या ताटात थोडा थोडा वाढला. भावाने माझी एक ओळही कधी वाचलेली नाही. तो घास चावत म्हणाला, "कसा व्हता हाऊ आबा?"

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर वहिनीच बोलायला लागली. "बठ्ठा गावले शिव्या देस. पन पोरं केळी तोडाले उनात का झोपाना सोंग करस."

भाऊ हसला. "म्हंजे मानूस बेस शे," म्हणाला, आणि त्याने आणखी खीर मागितली.

माझा घास तोंडातच राहिला. हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. शिव्या लिहिल्या होत्या, राखण लिहिली होती, झोपेचं सोंग मात्र कुठल्याच पानावर नव्हतं. मी मनातल्या मनात सगळी प्रकरणं चाळून पाहिली. वहिनीला तसं सांगावं असंही वाटलं. पण ती बोलली ते ऐकताच मला कळलं होतं की आबा तसेच आहेत. पोरांची चाहूल लागताच डोळे मिटून पडणार, आणि पोरं गेली की उठून शिव्या देणार.

जेवण झाल्यावर मी ओसरीवर बसून प्रकाशकाला फाईल पाठवली. झोपेचं सोंग त्यात घातलं नाही. ते मला ठाऊक नसताना आबांनी केलं होतं.