पाच नळ्या

संपानंतर गिरण्यांची रंगखाती बसली आणि माझं गिऱ्हाईक गेलं. चिंचपोकळीच्या गाळ्यात मी त्यांच्यासाठी एक रसायन बनवत असे. पाण्यातलं लोखंड ते धरून ठेवी, म्हणजे कापडावर डाग पडत नसे. कॉलेजात शिकवणारा माझा बालमित्र म्हणाला, "लोखंड धरतोस ना? मग गॅडोलिनियम धरून दाखव."

या धातूमुळे एमआरआयच्या चित्रात हवा तो भाग उजळतो, पण तो शरीरात मोकळा सुटला तर विष. आम्ही त्याला घट्ट धरणारं रसायन बनवलं. असं परदेशातलं इंजेक्शन आलेलं होतं. आम्हाला इथलं हवं होतं. उजळतं का, एवढं मशीनवर दिसलं असतं, तर पुढच्या चाचण्यांचं दार उघडलं असतं.

रंगखात्यात फिक्यापासून गडदापर्यंत नमुने काढल्याशिवाय शेड ठरवत नाहीत. तशाच, आमच्या रसायनाच्या पातळ ते दाट अशा पाच नळ्या घेऊन आम्ही इस्पितळात गेलो. मशीन ज्यांच्या ताब्यात होतं ते डॉक्टर म्हणाले, "पेशंट खोळंबलेत. एकच." आणि स्वतःच सगळ्यात दाट नळी उचलली.

पडद्यावर ती काळी आली.

"हे उजळतंय कुठे? उलट विझवतंय!" डॉक्टर हसले.

मित्र घाईघाईने म्हणाला, "सर, धातू फार झाला की चमक इतक्या लवकर मरते, मशीनला पकडता येत नाही. पातळ लावून बघा."

"ठीक. अजून एक."

"चारही," मी म्हणालो.

"बाजार आहे का हा? दोन. शेवटचं."

"दोन चिंध्यांवर आम्ही शेड ठरवत नाही, साहेब. चारही, नाहीतर राहू द्या."

"राहू द्या मग."

मी नळ्या उचलल्या. जिन्यापर्यंत आलो तरी मागून हाक येईल असं वाटत होतं. सौद्यात येते.

"दोन मिळत होत्या रे," फाटकाबाहेर मित्र म्हणाला. "मधली एक लावली असती तरी पुरलं असतं."

"आणि ती काळी आली असती तर?"

"नसती आली."

मशीनवरची वेळ आम्हाला पुन्हा मिळाली नाही. पहिली नळी मला निवडू द्यायला हवी होती, हे माझं म्हणणं अजून कायम आहे. पण मधली नळी त्या पडद्यावर कशी दिसली असती, हे मला माहीत नाही. आणि डॉक्टरांवरच्या रागापेक्षा तेच जास्त टोचतं.