तीन तुळशीराम

सुवर्णाचं डोकं फिरायचं ते नळापाशी. भिवंडीतल्या एका सरकारी दवाखान्यात, एचआयव्ही तपासणीच्या खोलीबाहेरच पिण्याच्या पाण्याचा नळ होता. तरणी पोरं यायची, दारावरची पाटी वाचायची आणि एकदम तहान लागल्यासारखी नळाकडे वळायची. पाणी पिऊन थेट घरी! गणेशपुरीहून रोज एसटीचे धक्के खात यायचं आणि खुर्चीत बसून लोकांचं पाणी पिणं बघायचं, यासाठी का मी समुपदेशक झाले, असं तिला वाटे.

जी आत येत ती खोटी नावं सांगत. तेही ती चालवून घेई. नाव काहीही सांगा, पण नंबराची चिठ्ठी सांभाळा, एवढंच ती घसा कोरडा होईस्तोवर बजावे.

२००७च्या मे महिन्यात अंजूरची तीन पोरं एकेक करून आत आली. तिघांनीही नाव सांगितलं तुळशीराम, वय बावीस. खरा तुळशीराम म्हणजे गावातला कडक म्हातारा, गुटखा खाताना पकडून कानफटात देणारा. तिघांनी आपापल्या डोक्याने त्याच्यावर सूड उगवला होता. तिसऱ्या तुळशीरामाच्या वेळी सुवर्णाला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दोन तुळशीराम निगेटिव्ह निघाले, एक पॉझिटिव्ह. मग कसलं हसू!

आठवड्याने त्यांतले दोघे उगवले, भाविक आणि मितेश.

"चिठ्ठ्या?"

"फारल्या मॅडम. आयशीनं खिशात बघितली असती तं?"

"शाबास! आता कुठला रिपोर्ट कुणाचा, ते मी तुळशीरामालाच विचारू?"

"निगेटिव्हच असंल," भाविक म्हणाला. "आमी चांगल्या घरची पोरा. आमाला काय व्हनार?"

तिने दात-ओठ खात एकेकाला आत घेऊन पुन्हा रक्त घेतलं. या वेळी तपासणी लगेच करून घेतली; तासाभराने दोघेही निगेटिव्ह. पोरांनी टाळ्या दिल्या. म्हणजे पॉझिटिव्ह तो तिसराच, हे सुवर्णाला कळलं, पण चेहऱ्यावर दिसू द्यायचं नव्हतं.

"तिसऱ्यालाही पाठवा. चिठ्ठी फाडली त्या सगळ्यांचंच रक्त पुन्हा घेतेय."

"बालाराम न्हाय यायचा. परवा त्याची हलद हाय. पोरीवाल्यांना कललं तं लगीन मोडंल."

लग्न मोडेल! आणि त्या पोरीचं काय? सुवर्णाला ओरडावंसं वाटलं. अंजूरला जाऊन मांडवातच सांगावं, असंही मनात आलं. पण या खोलीतलं बोलणं बाहेर जाणार नाही, हा शब्द तीच रोज प्रत्येकाला देत होती.

"बघा तुमीच बोलून," मितेश म्हणाला. "आमच्यासंगं आलाय. भायेर पानी पितंय."

दोघांना तिने घरी पिटाळलं आणि बाहेर आली. नळाशी एक सडपातळ पोरगा ओंजळीने पाणी पीत होता.

"तुळशीराम," तिने हळूच हाक मारली.

त्याने चटकन वळून पाहिलं. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"मॅडम, परवा हलद हाय माजी."

"माहीत आहे. म्हणूनच आज ये."

त्याने दारावरची पाटी वाचली. मग नळ बंद केला आणि तिच्यामागून आत गेला.