बाबांच्या सांगण्यावरून काढलेलं भूत

राक्षस काढताना मी पायांपासून सुरुवात करते. लोकांना वाटतं, आधी दात, शिंगं, जळते डोळे काढायचे आणि मग खाली धड चिकटवायचं. तसं केलं की जत्रेतला मुखवटा तयार होतो, आणि त्याला शाळकरी पोरंही भीत नाहीत. हे जनावर उभं कसं राहतं, वजन कुठल्या पायावर टाकतं, ओल्या रानातून चाललं तर किती रुतेल, हे आधी ठरवावं लागतं. पाय खरे वाटले की वरची तीन डोकीसुद्धा लोक मुकाट्याने मान्य करतात.

माझं पोट याच कामावर चालतं. पत्त्यांच्या आणि पटावरच्या खेळांसाठी, कधी मुलांच्या पुस्तकांसाठी मी असले अद्भुत प्राणी रंगवते. अमरावतीत आमच्या गल्लीत हे समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. 'भुतं काढणारी बाई' असं माझं नाव पडलंय आणि त्यात चूक काही नाही. उन्हाळ्यात मी काळ्या रानातल्या भेगांचे फोटो काढत हिंडते, कारण तशी कातडी मला मनाने काढता येत नाही. पऱ्हाटीची वाळलेली बोंडं घरात टोपलीभर आहेत. कापूस वेचून झाल्यावर त्यांची जी टोकदार टरफलं उरतात, त्यांच्यावरून नख्या फार छान निघतात. पाहुणे टोपली बघतात आणि विषय बदलतात.

कामात माझी एक सवय आहे. चित्र पूर्ण होईस्तोवर त्या प्राण्याला मी 'तो' किंवा 'ती' म्हणत नाही. 'ते' म्हणते. तो म्हटलं की हात आपोआप खांदे रुंद करतो, ती म्हटलं की केस मोकळे सोडतो. ते म्हटलं की हात मोकळा राहतो. ही सवय मला फार महागात पडली, म्हणून आधी सांगून ठेवते.

बाबा अकोल्याला गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या कामावर होते. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. गाईच्या मागच्या पायाचा जो गुडघा आपल्याला उलटा वाटतो, तो गुडघा नसून टाच असते, हे मला तिथे कळलं. माझे निम्मे राक्षस त्याच टाचेवर उभे आहेत. आई गेल्यावर बाबा मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एकटेच राहिले, आणि बरेच दिवस बरे राहिले. मग ते आपल्याच गल्लीत चुकायला लागले. शेजारचे शिंपीचाचा त्यांना हाताला धरून घरी आणून सोडायचे आणि "भाईसाब को चकवा लग गया था" म्हणून हसण्यावारी न्यायचे, म्हणजे बाबांना लाज वाटू नये. आम्हीही हसायचो. एक दिवस बाबा गॅस चालू ठेवून बाहेर पडले, तेव्हा मी त्यांना अमरावतीला माझ्याकडे घेऊन आले.

चित्रांची मला धास्ती होती. बाबांना ठेवायचं त्या खोलीच्या भिंतीवर माझी सगळी पलटण टांगलेली. पण बाबांनी त्यांच्याकडे दवाखान्यात आलेल्या जनावरांसारखं पाहिलं. एका सहा पायांच्या पशूपुढे ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "याचे मांगचे पाय कमजोर हायेत. उठतानी त्रास होत असन." खरंच होते. मी ते पाय बदलले.

मग एका सकाळी ते भिंतीला पाठ लावून बसलेले दिसले. दोन्ही हातांनी सदरा छातीशी घट्ट धरलेला.

"काय झालं बाबा?"

"ते येते," ते म्हणाले.

"कोण?"

"ते येते. सकायी येते."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. सकाळ झाली की त्यांचे हात कापायला लागायचे. चहा सांडायचा. दुपार झाली की माणूस पुन्हा शांत, जणू काही झालंच नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात असे भास होतात, गोळी वाढवू. गोळी वाढवली तर बाबा दिवसभर पेंगायला लागले आणि सकाळची भीती होती तिथेच राहिली.

माझा भाऊ बडनेऱ्याला रेल्वेत आहे. रविवारी येतो. त्याने ऐकलं, भिंतींकडे पाहिलं आणि सरळ म्हणाला, "तू दिवसभर भुतं काढून राहिली, मंग बाबाले भूत दिसन नाई तं काय दिसन?"

मी त्याच्याशी कडाकडा भांडले. तो गेल्यावर मात्र सगळी चित्रं उतरवून पलंगाखाली सरकवली. कारण त्याचं बोलणं मला लागलं होतं. समजा, तो खरं बोलत असेल तर? मी जे हौसेने आणि पोटासाठी करते, तेच माझ्या बापाला शेवटच्या दिवसांत छळत असेल तर? तसं असेल तर हे काम बंद, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. भाऊ म्हणाला होता की फरक पडला नाही तर तो बाबांना बडनेऱ्याला घेऊन जाईल. तिथे त्याच्या पाळ्या, वहिनीची नोकरी, बाबा दिवसभर कुलूपबंद घरात. मला ते नको होतं.

भिंती मोकळ्या झाल्या. भीती गेली नाही.

तेव्हा मी मला येतं ते करायचं ठरवलं. न पाहिलेल्या गोष्टीची धास्ती वाटते. कागदावर उतरली की तिला पाय फुटतात, वजन येतं, ती कुठे कमजोर आहे ते दिसतं. माझ्या चित्रांतलं जर काही बाबांच्या डोक्यात शिरलं असेल, तर तेही ओळखू येईल. एका सोमवारी दुपारी, बाबा वरण-पोळी जेवून ताजेतवाने होते तेव्हा, मी पाट आणि कागद घेऊन त्यांच्याजवळ बसले.

"बाबा, ते येते ना, त्याचं चित्र काढू आपण. तुमी सांगा, मी काढतो."

आमच्याकडे बायकाही 'काढतो' म्हणतात. बाबांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "कायले?"

"पाहू तं खरी, कोन हाय."

ते पटलं असावं. ते जरा पुढे सरकले.

"पाय कसे हायेत?" मी विचारलं.

"ओले."

मी आजवर इतके प्राणी काढले, पण ओले पाय कोणी मागितले नव्हते. मी पावलं काढली, भोवती पाण्याची ओल दाखवली.

"खूर हाय का पंजा?"

"पाय. आपल्यावानी पाय." मग थोडं थांबून, "वरतं कातडं गुंडाळेल हाय."

घोट्याच्या वर मी कातडीच्या वळ्या काढल्या. त्यांनी मान हलवली, अजून वर. गुडघ्यापर्यंत वळ्या नेल्या. हो म्हणाले. असा पाय मला आवडला, हे कबूल करते. कातडी सैल पडलेलं, आपलंच अंग वर खोचून चालणारं काहीतरी. भीती बाजूला राहिली आणि माझ्यातली कारागीर जागी झाली.

"हात?"

"हात हायेत. नखं काई काई वेळा कायेकुट्ट, काई वेळा हिरवे."

मी बोंडांच्या टोपलीकडे हात नेला, तर त्यांनी मला अडवलं. "तसे नाई. साधे. बारीक."

"तोंड कसं हाय?"

"तोंड दिसत नाई."

"म्हंजे? तोंडच नाई?"

"मान खाली घालते. पाह्यतच नाई माह्याकडे. बोलत बी नाई. नुसता श्वास घेते."

मी मान वाकवली. ते म्हणाले अजून, मी अजून वाकवली. पाठीचा कणा कमानीसारखा वर आला आणि चेहरा पार खाली गेला. डोळ्यांच्या जागी त्यांनी मिटलेल्या पापण्या सांगितल्या. चित्र आता इतकं भयंकर दिसत होतं की माझ्याच अंगावर काटा आला. ना दात, ना शिंगं, आणि तरी हे दारात उभं राहिलं तर मीही किंचाळले असते.

"अन् ते तुमाले काय करते, बाबा?"

त्यांचा हात सदऱ्याच्या बटणांवर गेला. मला वाटलं आता संपलं, पुन्हा कापरं भरणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "कातडं सोलते. वरतून खालपर्यंत. मी नाई म्हनतो, तरी सोलते."

मला पुढे विचारवेना. पण अर्धवट सोडलं तर ती भीती तशीच राहील, म्हणून विषय जरा सौम्य करायला मी विचारलं, "काल काय केलं त्यानं?"

"काल?" बाबांचा चेहरा उजळला. "काल नाई ना आली ते."

पेन्सिल थांबली.

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. आमच्याकडे 'ती'लाही 'ते' म्हणतात. ते बाई आली, ते पोरगी गेली. तो येते, ते येते, सगळ्यांचं येणं सारखंच. बाबा म्हणत होते 'ते येते' आणि मी ऐकत होते माझ्या धंद्यातलं 'ते', नाव नसलेल्या प्राण्याचं. ते जर तसलं असतं तर बाबा म्हणाले असते, 'नाई आलं.' ते म्हणाले, 'नाई आली.'

काल रविवार होता. रविवारी भाऊ येतो आणि बाबांना आंघोळ घालतो.

बाकी सगळे दिवस सकाळची आंघोळ मी घालते. एक माणूस ठेवून पाहिला होता; बाबांनी त्याला बोचकारलं आणि तो परत आला नाही. मग मीच सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून उभी राहायला लागले. नखांत त्या त्या दिवसाचा रंग असतो, तो धुतला तरी जात नाही. आणि मान खाली. आमच्या घरात बाप आणि लेकीत केवढं अंतर असायचं! मी मोठी झाल्यापासून बाबा माझ्यासमोर नुसत्या बनियनवर कधी बसले नाहीत. त्या माणसाचे कपडे उतरवताना मी कुठे बघणार होते? मी डोळे मिटून घ्यायची, तोंडातून शब्द काढायची नाही, भराभर उरकायची. मला वाटायचं मी त्यांची लाज राखतेय. त्यांच्या बाजूने ते कसं दिसत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. आपली लेक असं करणार नाही, एवढं त्यांना त्या विसराळूपणातही पक्कं माहीत होतं. म्हणून ते दुसरंच कोणीतरी असायला हवं होतं.

मला रडू आलं नाही. आधी राग आला, कोणाचा ते सांगता येत नाही, आणि मग इतकं एकटं वाटलं की तसं आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. कागद फाडावा असं वाटलं. मी तो उचलला, पण बाबांनी हात पुढे केला.

"दाखव."

नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. मी कागद दिला.

त्यांनी तो मांडीवर ठेवला. मी त्यांच्या हातांकडे बघत होते, आता कापतील, आता कापतील. ते कापले नाहीत. त्यांनी पावलांवरून बोट फिरवलं, मग वर, वाकलेल्या पाठीवरून मानेपर्यंत नेलं आणि तिथेच ठेवलं.

"हेच," ते म्हणाले. "बरोबर काढली तू."

"भेव वाटते का, बाबा?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. एखादं आजारी ढोर बघताना दवाखान्यात त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा तो हळूहळू झाला.

"लय वाकली हे," ते म्हणाले. "मान दुखत असन तिची."

माझा हात माझ्याच मानेवर गेला.

"रोज एकटीच येते. कोनी पानी बी इचारत नसन." मग माझ्याकडे वळून, आपल्या लेकीला काम सांगावं तसं म्हणाले, "माय, हे जेवली का? तिले जेवाले दे."

चार वाजून गेले असतील. त्यांना भरवून, औषध देऊन, कागद शोधून मी तशीच उपाशी त्यांच्यापुढे येऊन बसले होते. मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन एका ताटात वरण आणि गार झालेल्या पोळ्या वाढून आणल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून जेवायला बसले. बाबा कागद मांडीवर घेऊन पाहत होते, एकदा चित्राकडे, एकदा माझ्या ताटाकडे.

ताट रिकामं झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "जेवली का ते?"

"हो बाबा," मी म्हणाले. "जेवली."