लाल पाठीचा गरुड

शिकारी पक्ष्यांचे फोटो कृष्णधवलच शोभतात, असं ज्या कुणी पहिल्यांदा ठरवलं, त्याला मला एकदा आमच्या घरमालकीणबाईंसमोर उभं करायचंय.

एचएसआर लेआउटमध्ये आम्ही त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. त्या पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी, बोलण्यात कानडी मिसळलेलं, सगळ्यांच्या अक्का. त्यांचा एक नेम होता. रविवारी सकाळी गच्चीवर जायचं, गरुड दिसला की हात जोडायचे आणि मगच तोंडात घास घालायचा. त्यांचा गरुड म्हणजे ब्राह्मणी घार: पाठ तांबूस लाल, डोकं आणि छाती पांढरी. जवळच्या तळ्याकडून ती हमखास यायची. मग अक्का न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि गच्ची बंद झाली. नेम मात्र सुटेना. दर रविवारी दिवसभर उपाशी, आणि जेवण नाही म्हणून गोळ्याही नाहीत. सून रडकुंडीला आली. शेवटी अक्काच मला म्हणाल्या, "तू फोटो काढतीस की गं. त्याचा एक आणून दे. तो बघून जेवते."

दोन आठवडे मी ऑफिसच्या आधी तळ्यावर जात होते. एका सकाळी घार उन्हात वळली आणि तिची लाल पाठ लख्ख उजळली. फोटो मिळाला. तेवढ्यावर गप्प बसायचं ना! पण मी तो आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपात दाखवला आणि तिथेच माती खाल्ली.

ग्रुपचे प्रमुख म्हणाले, "रंगीत म्हणजे कॅलेंडर. शिकारी पक्ष्याचा करारीपणा कृष्णधवलातच दिसतो." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. त्यांच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरवर फोटो कृष्णधवल करताना निळा रंग पार खाली ओढला, आकाश काळंकुट्ट झालं. लाल वर नेला, तर पाठ राखेसारखी पांढुरकी होऊन डोक्यात मिसळून गेली. "वा, काय नाट्य आहे!" म्हणे. ग्रुपचा आणखी एक नियम होता: रूपांतर झालं की रंगीत फाइल उडवून टाकायची, नाहीतर मन मागे ओढतं. बॅकअप घेतल्याशिवाय कोडची एक ओळ न बदलणारी मी, त्या दिवशी फाइल उडवून मोकळी झाले. कॅमेऱ्याचं कार्डसुद्धा पुसलं. काय म्हणावं या अकलेला!

रविवारी सकाळी मोठी प्रिंट फ्रेम करून अक्कांकडे घेऊन गेले. त्या अंघोळ करून, पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. सुनेनं ताट वाढून ठेवलं होतं.

"स्वल्प जवळ धर," अक्का म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. जोडायला उचललेले हात तसेच खाली आले. "हे काय गं? गिधाड?"

"अक्का, गरुडच आहे. आपला तळ्यावरचा."

"गरुडाची पाठ लाल असते. ह्याला हात कसे जोडू?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दोन आठवड्यांची झोपमोड, आणि गिधाड! मी ऐकवलंच, "रंग काढला की खरं रूप दिसतं, अक्का." दुसऱ्याचं वाक्य, तेही जेवणासाठी खोळंबलेल्या म्हातारीच्या तोंडावर फेकलं. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अक्का रागावल्या नाहीत. "सरी, सरी, असू दे," म्हणाल्या. "रंगाचा असंल तर तो आण. मी थांबते."

तो आता कुठेच नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. सून माझ्याकडे बघतच राहिली. आम्ही दोघींनी खूप विनवलं, देवाला चालतं म्हटलं, डॉक्टरांची भीती घातली. अक्कांनी फ्रेम अलगद माझ्या हातात परत दिली आणि सुनेला ताट झाकायला सांगितलं.

"तू जा, जेव जा," त्या मला म्हणाल्या. "तू बघितलायस की त्याला."